यंत्रास भाषांतर शिकविणाऱ्या ग्रेस हॉपर

शाळेंतील भाषांतराचा तास आमच्या सर्व वाचकांच्या परिचयाचा आहे. कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागीं बसवावयाचें, आणि इतकें करूनही एखादा शब्द सुटला कीं अर्थाचा अनर्थ व्हावयाचा. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेंतून ज्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या गेल्या त्या मराठी घरांस या विद्येचे कष्ट नव्यानें सांगावयास नकोत. परंतु भाषांतराचें एक प्रकारचें काम यंत्रावरच सोपवितां येईल असें म्हटल्यास जाणते लोकही हंसत, अशा काळीं गणिताच्या एका शिक्षिकेनें तें करून दाखविलें. त्यांचें नांव ग्रेस मरे हॉपर. त्यांचें चरित्र यंदां आम्ही येथें देत आहों.

येथें भाषांतर म्हणजे एका देशाच्या भाषेंतून दुसऱ्या देशाच्या भाषेंत असें नव्हे. गणकयंत्रास, म्हणजे आज ज्यास आपण संगणक म्हणतों त्यास, काम सांगावयाचें तर तें पायरीपायरीनें लिहून द्यावें लागतें. या लेखी आज्ञावलीस प्रोग्रॅम म्हणतात. यंत्राची स्वतःची भाषा केवळ आंकड्यांची असते. माणसास समजेल अशा शब्दांतला प्रोग्रॅम त्या आंकड्यांत उतरविणें, किंवा एका यंत्राच्या बोलींतला प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्राच्या बोलींत आणणें, हें तें भाषांतर होय. आज शाळेच्या संगणकापुढें बसून मुलें एक कळ दाबतात आणि हें काम डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच होऊन जातें; म्हणूनच त्यामागें कोणाचे किती श्रम आहेत हें त्यांच्या मनांतही येत नाहीं.

ग्रेसचा जन्म न्यूयॉर्क शहरीं ता. ९ डिसेंबर १९०६ रोजीं झाला. तीन भावंडांत ती थोरली. वडील विम्याचा धंदा करीत. आईस गणिताची मोठी आवड होती. परंतु त्या काळीं मुलींस वरचें गणित शिकविण्याचा प्रघात नसल्यामुळें ती अपुरीच राहिली होती. रक्तवाहिन्यांच्या विकारामुळें वडिलांचे पाय कापावे लागले, आणि आपल्यामागें मुलींस स्वतःच्या पायांवर उभें राहतां आलें पाहिजे या विचारानें त्यांनीं मुलाप्रमाणेंच मुलींसही उच्च शिक्षण देण्याचा निश्चय केला.

उन्हाळ्यांत हें कुटुंब न्यू हॅम्पशायर प्रांतांतील एका तळ्याकांठच्या घरीं जाऊन राहत असे. सात वर्षांची असतां ग्रेसनें गजराचें घड्याळ कसें वाजतें हें पाहण्यासाठीं तें खोललें. तें पुन्हां जुळेना, म्हणून त्यांतली मेख समजून घेण्यासाठीं दुसरें खोललें. असें करतां करतां घरांतलीं सात घड्याळें सुटीं झालीं. आईनें फारसा राग न करतां, यापुढें एकाच घड्याळावर प्रयोग करावा, एवढा निर्बंध घातला. त्याच तळ्यांत एकदां मुलीची होडी उलटली, तेव्हां आईनें कांठावरून ओरडून पणजोबांची आठवण दिली. हे पणजोबा अमेरिकन आरमारांत ॲडमिरल होते. मुलीनें होडी सोडली नाहीं.

वयाच्या सोळाव्या वर्षीं व्हासर कॉलेजांत जाण्याचा तिनें प्रयत्न केला, पण लॅटिन भाषेंत गुण कमी पडून प्रवेश मिळाला नाहीं. पुढें जिचें सारें आयुष्य भाषांच्या कामीं खर्ची पडावयाचें होतें ती भाषेच्याच पेपरांत अडावी, याची आम्हांस मोठी मौज वाटते. एक वर्ष अधिक अभ्यास करून १९२४ सालीं ती दाखल झाली, १९२८ सालीं गणित व पदार्थविज्ञान या विषयांत पदवीधर झाली, आणि येल विद्यापीठांतून १९३० सालीं एम्. ए. व १९३४ सालीं गणितांतील डॉक्टरेट तिनें मिळविली. १९३० सालींच व्हिन्सेंट हॉपर या अध्यापकांशीं तिचा विवाह झाला. हा संसार १९४५ सालीं मोडला, मूलबाळ नव्हतें, परंतु हॉपर हें नांव मात्र जगभर झालें. यापुढें आम्हीही त्यांस हॉपरबाई असेंच म्हणूं.

व्हासर कॉलेजांत १९३१ पासून बाई गणित शिकवूं लागल्या. त्यांची एक पद्धति विद्यार्थिनींस मुळींच रुचत नसे. गणिताच्या एखाद्या सूत्रावर त्या निबंध लिहावयास लावीत आणि त्यांतील इंग्रजीच्या चुका तांबड्या शाईनें दाखवीत. आपण गणिताच्या वर्गांत बसलों आहों, भाषेच्या नव्हे, अशी मुली तक्रार करीत. त्यावर बाईंचें म्हणणें असें कीं, जें दुसऱ्यास सांगतां येत नाहीं तें गणित शिकून उपयोग काय? त्यांच्या पुढील सर्व कार्याचें बीज आम्हांस या तांबड्या शाईंत दिसतें.

१९४१ च्या डिसेंबरांत अमेरिका महायुद्धांत उतरली. पणजोबांची पणती आरमारांत जाण्यास उत्सुक होती. परंतु वय ३७ आणि वजन अवघें १०५ पौंड, म्हणजे नियमापेक्षां सुमारें १५ पौंडांनीं कमी. खास सवलत मिळवून १९४३ च्या अखेरीस त्या भरती झाल्या, शिक्षणवर्गांत पहिल्या आल्या, आणि जहाजावर जाण्याऐवजीं १९४४ च्या जुलैंत हार्वर्ड विद्यापीठांतील एका तळघरांत जाऊन पोहोंचल्या. तेथें प्रोफेसर हॉवर्ड एकेन यांच्या देखरेखीखालीं मार्क १ नांवाचें गणकयंत्र अहोरात्र चालूं होतें. ५१ फूट लांब व ८ फूट उंच असें तें धूड सेकंदास तीन बेरजा करी. त्या वेळीं हीच गति आश्चर्यकारक होती. एकेन मोठे कडक. बाई हजर होतांच त्यांनीं एका त्रिकोणमितीय गणिताचें काम अंगावर टाकलें, आणि पुढें यंत्राचें माहितीपुस्तकही लिहावयास सांगितलें. रोज लिहिलेलीं पानें एकेन यांस वाचून दाखवावीं लागत. १९४६ सालीं प्रसिद्ध झालेलें तें पुस्तक ५६१ पानांचें आहे.

या यंत्रास काम कसें सांगत तें समजल्याशिवाय पुढील गोष्ट समजणार नाहीं. कागदाची एक लांब पट्टी असे. तिच्या प्रत्येक आडव्या ओळींत २४ जागा, आणि त्यांपैकीं कांहीं जागीं भोंक पाडावयाचें. कोणतें भोंक कोठें यावरून यंत्र समजावयाचें कीं अमुक कप्प्यांतला आंकडा तमुक कप्प्यांत मिळवावा. प्रत्येक बारीक पायरी अशी माणसानें आपल्या डोक्यांत यंत्राच्या भाषेंत फिरवून पट्टीवर उतरवावयाची. बाई आणि त्यांचे सोबती यांनीं एक सोय केली होती. एकदां बरोबर ठरलेला तुकडा, उदाहरणार्थ ज्या (म्हणजे साइन) काढण्याच्या पायऱ्या, ते आपल्या वहींत टिपून ठेवीत व पुन्हां लागला कीं दुसऱ्याच्या वहींतून उतरून घेत. मात्र उतरतांना कप्प्यांचे क्रमांक नव्या जागेप्रमाणें वाढवावे लागत, म्हणजे प्रत्येक ठिकाणीं एक बेरीज आली. हॉपरबाईंच्या लक्षांत आलें कीं, मोठमोठे गणिती असूनही या मंडळींस दोन गोष्टी धड करतां येत नाहींत. एक नक्कल आणि दुसरी बेरीज. आणि यंत्रास तर नेमक्या ह्याच दोन गोष्टी उत्तम येतात.

एक पतंगाची गोष्ट फार सांगितली जाते, ती टाळून चालणार नाहीं. मार्क २ हें पुढचें यंत्र १९४७ च्या सप्टेंबरांत एकदां बंद पडलें. शोध घेतां आंत एका जोडकळींत पतंग चिरडून अडकलेला सांपडला. तो चिमट्यानें काढून नोंदवहींत चिकटविला व किडा प्रत्यक्ष सांपडल्याची गमतीदार नोंद केली. यंत्रांतील दोषास किडा म्हणण्याची रीत त्यापूर्वींपासून होती. ती बाईंनीं काढली असें कित्येक लिहितात तें बरोबर नाहीं. पण हा किस्सा त्या पुढें मोठ्या रंगानें सांगत.

युद्ध संपलें, आणि वाईट दिवस आले. चाळिशी गांठल्यामुळें आरमारांत कायमची जागा मिळेना. हार्वर्डमध्यें स्त्रियांस कायमचें स्थान नव्हतें, व १९४९ सालीं तेथील मुदत संपली. घर मोडलेलें, नोकरी नाहीं, शरीर थकलेलें, अशा स्थितींत बाई मद्याच्या आहारीं गेल्या होत्या. थोरांच्या चरित्रांतून अशा गोष्टी वगळण्याची चाल आहे. आम्ही ही वगळीत नाहीं, कारण ज्या कार्यासाठीं त्यांचें नांव झालें तें सर्व यानंतरचें आहे. स्नेह्यांनीं सांभाळून घेतलें, आणि त्याच वर्षीं फिलाडेल्फिया येथील एकर्ट व मॉकली यांच्या छोट्याशा कंपनींत त्या रुजू झाल्या. १९५० सालीं ती रेमिंग्टन रँड या मोठ्या कंपनीनें विकत घेतली. तिचें युनिव्हॅक यंत्र पुढें फार प्रसिद्ध झालें.

या कंपनीचें आरंभीचें एक यंत्र आठाच्या पायानें मोजी. आपण नवानंतर दहा लिहितों, तसें तेथें सातानंतर दहा येतात. आठ आणि नऊ हे आंकडेच नाहींत. बाईंनीं ही भाषा इतकी आत्मसात केली कीं बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार सर्व त्यांना आठाच्या पायानें येऊं लागलें. मग तीन महिने बँकेचा हिशेब जुळेना. शेवटीं बँकेंत काम करणाऱ्या त्यांच्या भावानें रात्री घालवून छडा लावला: बहिणीनें आपल्या चेकबुकांत मधूनमधून आठाच्या पायानें वजाबाकी केली होती! आपण पैसा मोजतों एका भाषेंत आणि पोट भरतों दुसऱ्या भाषेंत, हें काय चाललें आहे, असा विचार त्यांच्या मनांत तेव्हां आला. यंत्राकडे माणसानें किती दिवस जावें? यंत्रानेंच माणसाकडे यावें.

१९५१ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं या कामास हात घातला व १९५२ च्या मेपर्यंत ए-० नांवाचा प्रोग्रॅम तयार केला. पूर्वीं वह्यांत असत ते तुकडे त्यांनीं चुंबकीय फितीवर घालून प्रत्येकास एक संकेतांक दिला. आतां माणसानें केवळ हवे ते संकेतांक क्रमानें लिहावयाचे. यंत्र स्वतः ते तुकडे शोधून आणी, नक्कल करी, बेरजा करून कप्प्यांचे क्रमांक बदली, आणि अखंड प्रोग्रॅम तयार करून देई. असे तुकडे गोळा करून जुळविणारा म्हणून त्यास त्यांनीं कंपायलर म्हणजे संकलक हें नांव दिलें. आजच्या कंपायलरच्या मानानें तें काम प्राथमिकच होतें. परंतु प्रोग्रॅम लिहिण्याचें काम प्रोग्रॅमकडूनच करविण्याची युक्ति त्यांत आली.

त्यांत एक अडचण मोठी नामी होती. यंत्र फीत पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदांच वाची. मध्येंच, पुढें येणाऱ्या अमक्या तुकड्याकडे उडी मार, अशी आज्ञा आली तर तो तुकडा कोठें बसणार हें अजून ठरलेलेंच नसे. बाईंना कॉलेजांतला बास्केटबॉल आठवला. पुढच्या गड्यास थेट चेंडू देतां येत नसेल तर तो मध्यें उभ्या असलेल्या गड्याकडे द्यावा, आणि पुढचा आपल्या जागीं पोहोंचला कीं त्यानें तो त्याला द्यावा. तसेंच यंत्राच्या स्मरणकोशांत शेवटीं एक मोकळा कोपरा राखून त्यांनीं सर्व पुढच्या उड्या तेथें नेल्या. पुढला तुकडा जागेवर बसला कीं कोपऱ्यांतून त्याच्याकडे वाट करून दिली. खेळाच्या तासास वेळ फुकट जातो असें मानणाऱ्या पालकांनीं हा परिच्छेद दोनदां वाचावा.

कंपायलर तयार झाला, पण त्यास हात लावावयास कोणी धजेना. गणकयंत्र हिशेब करतें, प्रोग्रॅम लिहीत नाहीं, असें शहाण्या लोकांनीं बाईंस समजावून सांगितलें. यंत्र तें काम प्रत्यक्ष करीत असतांनाच हें समजावणें चालूं होतें! याहीपेक्षां अवघड विरोध धंद्यांतल्या कुशल मंडळींचा होता. यंत्राच्या भाषेंत लिहिणें ही मोजक्यांची विद्या होती, व ती मोजक्यांचीच राहावी यांत त्यांचा मान होता. हॉपरबाईंस नेमकें हेंच मान्य नव्हतें. त्या म्हणत कीं, गणितज्ञास चिन्हें प्रिय असतात हें खरें, परंतु पगारपत्रक करणारा, कोठाराचा हिशेब ठेवणारा, विम्याचे हप्ते मोजणारा यांस चिन्हें नकोत, शब्द हवेत. नगास किंमतीनें गुणावें हें वाक्य त्यांना कळतें. तें तसेंच लिहूं द्यावें, आणि चिन्हांत फिरविण्याचें काम यंत्रानें करावें.

१९५५ च्या आरंभीं अशा शब्दांच्या भाषेसाठीं त्यांनीं कंपनीकडे पैसे मागितले. नुसत्या अर्जावर पैसे मिळत नाहींत हें जाणून एक लहानसा नमुनाही करून दाखविला. इंग्रजींत लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम यंत्रानें घेतला व बरोबर चालविला. मग बाईंना वाटलें, याहून अधिक कांहीं दाखवावें. त्यांनीं इंग्रजी क्रियापदांच्या जागीं फ्रेंच शब्द घातले, आणि तोच प्रोग्रॅम चालला. मग जर्मन शब्द घातले, तरीही चालला. यंत्राच्या दृष्टीनें शब्द म्हणजे केवळ खुणांची एक रांग. इंग्रजी शब्दाची रांग असो कीं जर्मन शब्दाची, तिच्यापुढें कोणती आज्ञा लिहिली आहे एवढेंच त्यास पाहावयाचें.

अधिकाऱ्यांची मुद्रा पाहण्यासारखी झाली. पेनसिल्व्हेनिया प्रांतांत जन्मलेल्या सभ्य अमेरिकन यंत्रास फ्रेंच किंवा जर्मन कसें समजेल? कांहीं तरी लबाडी आहे, असेंच त्यांना वाटलें. सबंध योजना बुडण्याची वेळ आली. आपण इंग्रजीशिवाय दुसरी भाषा घेणार नाहीं असें वचन बाईंस वारंवार द्यावें लागलें, तेव्हां कोठें पुढें जातां आलें. आम्हांस ही गोष्ट केवळ विनोदाची वाटत नाहीं. त्या दिवशीं ते अधिकारी इतके घाबरले नसते, तर निरनिराळ्या देशांतील मुलांस आपापल्या भाषेंत यंत्राशीं बोलण्याचा मार्ग कदाचित् लवकर खुला झाला असता.

ही इंग्रजी शब्दांची भाषा फ्लो-मॅटिक नांवानें १९५८ सालीं गिऱ्हाइकांच्या हातीं गेली. एव्हांना इतरही जागे झाले होते. आय. बी. एम. कंपनींतील जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनीं शास्त्रीय गणितासाठीं फोरट्रान ही भाषा १९५७ सालीं बाहेर काढली होती. आतां नवीनच संकट उभें राहिलें. प्रत्येक कंपनी आपापली भाषा करूं लागली, आणि एका यंत्रासाठीं लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्रावर निरुपयोगी ठरूं लागला. यंत्र बदललें कीं वर्षांचें लिखाण पाण्यांत. यावर उपाय म्हणून १९५९ च्या मेमध्यें अमेरिकेच्या संरक्षण खात्यांत सरकार, कारखानदार व यंत्र वापरणारे यांची सभा भरली आणि धंद्याच्या कामासाठीं सर्वांची मिळून एक भाषा करण्याचें ठरलें. तीच कोबोल. तिची जननी म्हणून हॉपरबाईंचें नांव घेतात, पण तें तंतोतंत खरें नाहीं. ती भाषा समितीनें रचली, व त्यांत जीन सॅमेट प्रभृति इतर स्त्रियाही होत्या. बाई सल्लागार होत्या. परंतु फ्लो-मॅटिकचा पाया नसता तर इतक्या थोड्या महिन्यांत ती उभी राहिली नसती. समितीच्या दिरंगाईस कंटाळून एका सभासदानें तर कोबोल हें नांव कोरलेला, वर कोंकरूं बसविलेला, थडग्याचा दगड विकत घेऊन प्रमुखांकडे पाठवून दिला! भाषा मात्र मेली नाहीं. १९६० च्या डिसेंबरांत ६ व ७ तारखेस एकच कोबोल प्रोग्रॅम, अगदीं थोडे फेरफार करून, युनिव्हॅक २ व आर. सी. ए. ५०१ या दोन परस्परस्पर्धी कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखविण्यांत आला.

१९६६ अखेर आरमारानें बाईंस वयोमानाप्रमाणें निवृत्त केलें. सात महिने झाले नाहींत तों परत बोलावणें आलें. काम सहा महिन्यांचें होतें. मध्यें एक लहानसा खंड सोडल्यास तें एकोणीस वर्षें चाललें. कारण एक भाषा केली तरी बोली निघतातच. देशावरची मराठी निराळी, कोंकणांतली निराळी, वऱ्हाडांतली निराळी. तसें ज्या त्या कंपनीचें कोबोल निराळें होऊं लागलें होतें. बाईंनीं कसोटीचे प्रोग्रॅम तयार करविले. कोणत्याही कंपनीचा कंपायलर त्या कसोट्यांस उतरला तरच त्याचें कोबोल खरें. ही बोलींची अडचण आपल्या मुंबईपर्यंतही आली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसनें परदेशासाठीं केलेलें पहिलें काम १९७४ चें. बरोज कंपनीच्या एका जातीच्या यंत्राच्या कोबोलमध्यें लिहिलेले इस्पितळाचे प्रोग्रॅम त्याच कंपनीच्या दुसऱ्या जातीच्या यंत्राच्या कोबोलमध्यें उतरवावयाचे, असें तें होतें. आणि तें मुंबईंत बसून, तिसऱ्याच कंपनीच्या यंत्रावर पार पाडलें गेलें.

उतारवयांत बाई गांवोगांव व्याख्यानें देत हिंडल्या. पिशवींत सुमारें फूटभर लांबीचे तारेचे तुकडे असत. सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागांत विजेला फार तर एवढेंच अंतर जातां येतें, हें सांगून त्या ते वांटून टाकीत. कचेरींतल्या भिंतीवर उलटे कांटे फिरणारें घड्याळ होतें. आजवर असेंच चालत आलें आहे हें कारण त्यांच्यापुढें सांगण्याची सोय नव्हती. ता. १४ ऑगस्ट १९८६ रोजीं, वयाच्या ७९ व्या वर्षीं, कॉन्स्टिट्यूशन या जुन्या शिडाच्या युद्धनौकेवर त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या, आणि लागलीच एका संगणक कंपनीच्या सल्लागार झाल्या. ता. १ जानेवारी १९९२ रोजीं त्यांचें निधन झालें. आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमींत लष्करी इतमामानें त्यांना मूठमाती देण्यांत आली.

१९९९ च्या शेवटच्या रात्रीपर्यंत जगावें, अशी त्यांची इच्छा होती. गणकयंत्रें काय काय करूं शकणार नाहींत हें सांगणाऱ्या जुन्या मंडळींची त्या दिवशीं त्यांना आठवण काढावयाची होती. ती इच्छा आठ वर्षांनीं हुकली. त्या रात्रीं मुंबई, न्यूयॉर्क, लंडन येथें प्रोग्रॅम लिहिणारे हजारों लोक जागत बसले होते. जुन्या प्रोग्रॅमांत, त्यांतही फार करून कोबोलमध्यें, जागा वांचविण्यासाठीं सालाचे दोनच आंकडे लिहिलेले होते, आणि ९९ नंतर ०० आलें म्हणजे यंत्र तें १९०० समजतें कीं २००० हें त्यांना पाहावयाचें होतें.